सदतीस टक्के

आमच्या घरात नवी वस्तू आली की तिच्यावरचं प्लास्टिक लवकर काढायचं नाही, अशी रीत आहे. फ्रीजच्या दारावरचं प्लास्टिक आम्ही फ्रीज विकला त्या दिवशी काढलं. घेणाऱ्याला दार कसं आरशासारखं मिळालं! आम्ही मात्र बारा वर्षं बुडबुडे आलेल्या दाराकडे बघत गार पाणी प्यालो. कोणी विचारलंच तर ‘रत्नागिरीची हवा खारी, पत्रा टिकत नाही’ असं सांगायचं. खरं कारण निराळं आहे. दुसऱ्याची वस्तू जपायची सवय बँकेतल्या माणसाला नोकरीबरोबरच लागते, आणि नवी वस्तू बरेच दिवस दुसऱ्याचीच वाटते.

त्यामुळे जूनमध्ये मुलीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला तेव्हा त्याच्या झाकणावरचं प्लास्टिक तसंच ठेवावं, असा ठराव घरात एकमताने पास झाला. (मुलीचं मत धरलेलं नाही.) माझा दीड महिन्याचा पगार, महागाई भत्त्यासकट, त्या चपट्या पाटीत गेला होता. हळदकुंकू वाहून झालं, नारळ फुटला. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, “ह्याला पाणी किती दिवसांनी घालायचं?”

मुलगी खदखदून हसली. मी हसलो नाही, कारण दुसऱ्याच्या अज्ञानाला हसायला स्वतःजवळ थोडं तरी ज्ञान असावं लागतं. शिवाय प्रश्न वाटतो तितका वेडगळ नव्हता. अण्णा पोस्ट-तार खात्यातले. १९६९ साली चिकटले. १९८५ साली त्या खात्याच्या पोस्ट आणि दूरसंचार अशा वाटण्या झाल्या तेव्हा पोस्टाच्या वाट्याला आले. २००७ साली निवृत्त झाले. त्यांच्या उमेदवारीच्या काळात जुने तारमास्तर त्यांना बॅटऱ्यांच्या गोष्टी सांगत. १८६६ साली लेक्लांशे नावाच्या फ्रेंच माणसाने काढलेली बॅटरी म्हणजे एक काचेची बरणी, तिच्यात नवसागराचं पाणी आणि जस्ताची एक कांडी. तारा पाठवायच्या त्या तिच्या जोरावर. पाणी कमी झालं की डोळ्यांना दिसायचं, वर घालायचं. कांडी झिजली की तीही दिसायची, बदलायची.

“किती उरलंय ते बरणीत वाकून बघायचं,” अण्णा म्हणाले. “ह्यात कुठे बघायचं?”

“ह्यात आकडा येतो, अण्णा. हा बघा कोपऱ्यात. शंभर टक्के.”

“कोण सांगतं?”

“तोच सांगतो.”

“स्वतःबद्दल स्वतःच?” असं म्हणून अण्णांनी खोबऱ्याचा दुसरा तुकडा उचलला.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग जुलै आला. पावसाळ्यात रत्नागिरीत वीज जाते हे रत्नागिरीकरांना सांगायची गरज नाही आणि इतरांना सांगून पटत नाही. तर अशीच एका संध्याकाळी वीज गेली. मुलगी कॉलेजचा कसलासा प्रकल्प लिहीत होती. मी शेजारी बसून त्या उजेडात पेपर वाचत होतो. एकोणचाळीस, अडतीस, सदतीस असा आकडा शिस्तीत उतरत होता. आणि सदतीसवर पडदा काळा. सूचना नाही, शिट्टी नाही, निरोपाचं एक अक्षर नाही. सदतीसच्या आधी छत्तीस येतात, त्याच्या आधी पस्तीस, हे आम्ही बालवाडीत शिकलो होतो. यंत्राने ती सगळी वस्ती एका उडीत पार करून थेट शून्य गाठलं होतं.

रात्री वीज आली. चार्जर लावला, बटण दाबलं, तर हा गृहस्थ म्हणतो, पस्तीस! काही घडलंच नाही असा चेहरा. आमच्या शाखेत कॅश कमी भरली की कॅशियरचा असाच चेहरा होतो, पण तो निदान पाणी तरी मागतो.

दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांची रीघ लागली. शेजारचे वकील म्हणाले, बॅटरी दरवेळी पूर्ण उतरू द्या, नाहीतर तिला सवय लागते. सासरेबुवा म्हणाले, चुकूनही उतरू देऊ नका. भाजीवाल्या मावशींचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. त्याने रात्रभर चार्जिंगला लावायचं नाही अशी शपथच घातली. एका सहकाऱ्याने तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं. पाण्यात पडला नाही म्हटलं तर म्हणाला, “नसेल, पण हवा दमट आहे.” गंमत म्हणजे यातले बरेच सल्ले खरे होते, फक्त ते निरनिराळ्या बॅटऱ्यांचे होते. पूर्ण उतरवायचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा. लिथियमवाल्या आजच्या बॅटरीला पुन्हापुन्हा तळ गाठायला लावलेलं सोसत नाही, आणि रोज शंभराला नेऊन तिथे टांगून ठेवलेलंही आवडत नाही. तिला मधलं बरं. उन्हात ठेवलेलं तर मुळीच नको. एकूण स्वभाव मध्यमवर्गीय.

कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन केला. तिथल्या गोड आवाजाने “सर, एकदा शटडाऊन करून पुन्हा चालू करा” हा सल्ला चार वेळा दिला. पाचव्या वेळी मी फोनच शटडाऊन केला.

शेवटी उपाय सापडला तो आमच्याच शाखेत. नवा लागलेला एक अधिकारी आहे, वय वर्षं पंचवीस. कर्जाची फाइल मागितली तर त्याला घाम फुटतो, पण संगणक म्हटला की बाह्या सरसावतो. त्याने एक आज्ञा टाईप केली आणि बॅटरीचा जन्मापासूनचा अहवाल पडद्यावर आणला. त्यात दोन आकडे होते. एक, कारखान्याने ठरवून दिलेली क्षमता. दुसरा, आज पूर्ण भरली तर प्रत्यक्ष किती मावतं तो. हे दोन आकडे वाचताना मला आमच्या गावच्या थिबा राजाची आठवण झाली. ब्रह्मदेशचा राजा, इंग्रजांनी १८८५ साली राज्य घेतलं आणि त्याला पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० साली त्याला वाडा बांधून दिला, १९१६ साली तो इथेच वारला. ठरवून दिलेली क्षमता अख्ख्या ब्रह्मदेशाची, प्रत्यक्ष मावणारी एका वाड्याची. आमच्या लॅपटॉपची तेवढी वाताहत नव्हती. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे होते.

“म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे, काका,” तो म्हणाला. “हिशेब चुकतोय.”

हिशेब म्हटल्यावर माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. त्याने समजावलं ते असं. बॅटरीच्या आत किती उरलंय हे बघायला खिडकी नाही. पेशींचा दाब मोजावा तर लिथियमचा दाब मधल्या पल्ल्यात फारसा हलत नाही. सत्तर टक्के असो की चाळीस, चेहरा तोच. मग यंत्र काय करतं, तर आत किती आलं आणि बाहेर किती गेलं याच्या नोंदी ठेवतं. आवक, जावक, शिल्लक. म्हणजे साधं पासबुक! पण प्रत्येक नोंदीत चिमूटभर चूक राहते. दिवसाला पैसा-दोन पैसे. तिजोरी न उघडता नुसत्या पुस्तकावर महिनाभर कारभार करा आणि मग बघा. पुस्तकात सदतीस हजार आणि तिजोरीत झुरळ.

“मग तिजोरी उघडायची,” मी म्हणालो.

“तेच. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात.”

आम्ही त्याला कॅश टॅली म्हणतो.

इथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. तो मी जेवणाच्या सुट्टीत शाखेत मांडला आणि डबा गार करून घेतला. लॅपटॉपने दाखवलेला आकडा खोटा होता, हे ठरलं. पण लॅपटॉप खोटारडा ठरतो का? आमच्या धंद्यात यावर रिझर्व्ह बँकेने विचार करून ठेवला आहे. कर्ज न फेडणारा तो थकबाकीदार. पण फेडायची ऐपत असून जो फेडत नाही तो ‘विलफुल डिफॉल्टर’. आकडा तोच, बुडालेली रक्कम तीच, पण पहिल्याकडे आपण हप्ते बांधून द्यायला जातो आणि दुसऱ्याकडे वकील पाठवतो. फरक आहे तो त्याला काय ठाऊक होतं आणि त्याच्या मनात काय होतं एवढाच. धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला तो याच हिशेबाने. हत्ती मेलाय, द्रोणाचा मुलगा नव्हे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लॅपटॉपला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो प्रामाणिकपणे चुकीचं सांगत होता. यावर आमचे हेड कॅशियर म्हणाले, “प्रामाणिकपणे चुकलेल्या पोरीचीसुद्धा दोन पानं गेलीच ना?” त्यांचं निवृत्तीला एक वर्ष उरलंय, त्यामुळे ते अलीकडे स्पष्ट बोलतात.

त्या पोराने जाता जाता आणखी एक रहस्य सांगितलं, त्याने तर माझी झोप उडाली. आपण झाकण मिटतो तेव्हा लॅपटॉप झोपतो. पण आजकालचे बरेच लॅपटॉप झोपेतसुद्धा मधूनमधून टपाल बघतात. पिशवीत तो गरम का लागायचा आणि सकाळी आकडा का उतरलेला असायचा, ते तेव्हा कळलं. बरं, ‘शटडाऊन’ केलं म्हणजे तरी बंद झाला म्हणावं, तर तेही नाही. २०१२ सालापासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आहे. शटडाऊन म्हटलं की यंत्र आपली उघडलेली कामं मिटतं, पण अंतर्यामीचा कारभार जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तिथून पुढे चालू. म्हणजे रात्री केलेलं शटडाऊन हा निव्वळ निवृत्त मॅनेजरचा निरोप समारंभ. दुसऱ्या दिवशी साडेदहाला साहेब शाखेत चहाला हजर. खरंच सगळं पुसून नव्याने सुरू करायचं असेल तर ‘रीस्टार्ट’ म्हणायचं. ज्याला लगेच पुनर्जन्म हवा त्यालाच पुरतं मरायला मिळतं! नाहीतर शिफ्टची कळ दाबून धरून शटडाऊन म्हणायचं, मग तो मानतो. आमच्या धर्मग्रंथांत ही शिफ्टची कळ कुठे आहे ते मात्र मला सापडलेलं नाही.

ही लिथियमची बॅटरी ज्यांच्यामुळे आली त्या तिघांना २०१९ साली नोबेल मिळालं. व्हिटिंगहॅम, योशिनो आणि जॉन गुडइनफ. गुडइनफने ऑक्सफर्डला आपलं मोठं काम १९८० साली केलं तेव्हा तो सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचा होता. म्हणजे आमच्याकडे लोक ग्रॅच्युइटीचा हिशेब मांडतात ते वय. नोबेल घेताना सत्त्याण्णव. इतक्या म्हाताऱ्याला नोबेल त्याआधी मिळालं नव्हतं. वारला २०२३ साली, शंभरी पूर्ण करून. या माणसाची बॅटरी कसली होती कोण जाणे. पण मला त्याच्या आडनावाने वेड लावलं. गुड इनफ. म्हणजे ‘चालण्यापुरतं बरं’. रत्नागिरीत कोणालाही कसं काय म्हणून विचारा, उत्तर हेच. अण्णांना तर मी चाळीस वर्षं विचारत आलोय आणि चाळीस वर्षं ते मला गुडइनफचं भाषांतर ऐकवत आलेत. “बरं आहे.”

असो. तर कॅलिब्रेशन. शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप शंभर टक्के भरला, दोन तास तसाच चार्जरला ठेवला, त्याच्या झोपेच्या सगळ्या सोयी बंद केल्या आणि चार्जर काढून घेतला. आता तो आपोआप बंद पडेपर्यंत जागायचं. कोणीतरी लक्ष ठेवायला हवं म्हणून मी बसलो. खरं तर लक्ष ठेवायचं काही कारण नव्हतं. यंत्र बघणाऱ्याशिवायही मरू शकतं. पण दीड महिन्याचा पगार. गणपतीचे जुने फोटो एकामागून एक लावून दिले. साठाला बायको झोपली. पन्नासला मुलगी. पंचेचाळीसच्या सुमाराला अण्णा पाणी प्यायला उठले.

“अजून आहे का?” त्यांनी विचारलं.

“आहे. सदतीसपर्यंत जाईल बहुतेक.”

अण्णा माझ्या शेजारी खुर्चीवर टेकले. पडद्यावर २००९ सालचा गणपती आला. आई होती तेव्हा. आम्ही दोघं गप्प बसून बघत राहिलो. पाऊस पन्हाळीतून धो धो पडत होता. अण्णा मधूनच छातीवर तळवा चोळत होते. मी तो पाहिला. आजही तो तळवा मला दिसतो. पण माझं लक्ष आकड्यावर होतं.

एक वाजून चाळीस मिनिटांनी, छत्तीसवर, पडदा काळा झाला. “गेला,” अण्णा म्हणाले आणि झोपायला गेले. यंत्र थोडं निवल्यावर मी चार्जर लावला. हे मी महिन्याभरात तीनदा केलं. दुसऱ्या खेपेला तो अकरापर्यंत उतरला, तिसऱ्या खेपेपासून सरळ पाचावर येतो आणि ‘मी आता झोपतो’ असं सांगून झोपतो. चालतो मात्र पूर्वीइतकाच वेळ. चार तास आणि वर दहा-पंधरा मिनिटं. आधीही तेवढाच चालत होता. वाढलं काहीच नाही. पुस्तक आणि तिजोरी जुळली. बँकेत एवढ्यावर लोक पेढे वाटतात.

हा लेख इथेच संपला असता, आणि मी ‘बॅटरी व मी’ असं काहीतरी नाव देऊन तो दिवाळी अंकाला पाठवलाही असता. पण मग नवरात्र आलं.

अण्णा दर मंगळवारी रत्नदुर्गावर भगवतीला जातात. वय अठ्ठ्याहत्तर. सोबत आमच्यापैकी कोणीतरी असतं. किल्ल्याला तिन्ही बाजूंनी समुद्र. चढावर एक वळण असं आहे की तिथून तो एकदम अंगावर येतो. गेले पाच-सहा महिने अण्णा त्या वळणावर थांबायला लागले होते. “बघ, ती होडी बघ,” म्हणायचे. “आज पाणी कसं निळं आहे बघ.” जन्म रत्नागिरीत गेलेल्या माणसाने समुद्राकडे इतकं टक लावून बघावं याचं आम्हाला कौतुक वाटे. म्हातारपणी माणूस निसर्गाकडे वळतो, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा होतो. मुलीने त्या वळणावरचे त्यांचे फोटो काढले, पाठमोरे, समुद्राकडे तोंड केलेले. एक तर इतका सुंदर होता की आम्ही तो मोठा करून आणला.

नवरात्रातल्या त्या मंगळवारी अण्णा वळणावर थांबले, पण होडी दाखवली नाही. कठड्यावर बसले. चेहरा घामाने डबडबला होता.

“अण्णा, काय होतंय?”

“काही नाही. बरं आहे,” ते म्हणाले, आणि माझ्या अंगावर कलंडले.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. ईसीजी, रुग्णवाहिका, आंबा घाट. नवरात्रात कोल्हापुरात शिरणं हे काय प्रकरण असतं ते अंबाबाईच्या भक्तांना माहीत आहे. आम्ही वेळेत पोचलो, एवढंच. दोन स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टर तरुण होते. त्यांनी अण्णांना विचारलं, “आजोबा, चढावर छाती भरून येत होती का आधी?” अण्णा म्हणाले, “सहाएक महिने. थांबलं की जायची.” डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा सलाइनच्या थेंबांकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी ते जरा बसते झाल्यावर मी भांडलो. आजारी वडिलांशी भांडू नये हे मलाही कळतं, पण तीन रात्री बाकावर काढलेल्या माणसाची विवेकबुद्धी पाच टक्क्यांवर असते. “रोज विचारत होतो ना मी? रोज सकाळी! कसं आहे म्हणून? सांगायचं नाही?”

“ते विचारणं नव्हे,” अण्णा शांतपणे म्हणाले. “तू बूट घालता घालता विचारतोस.”

मी गप्प बसलो. मग थोड्या वेळाने त्यांनीच १९७८ सालची गोष्ट काढली.

ते तेव्हा एका आडगावच्या पोस्टात होते. पावसाळ्याचे दिवस. मुंबईहून एका बाईच्या नावाने तार आली. मुलगा गिरणीत होता. ‘सीरियस. स्टार्ट इमिजिएटली.’ त्या काळी तारेतल्या सीरियसचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळत असे. माणूस गेल्यावरच सीरियसची तार करायची रीत होती. जाणारा प्रवासात तरी खचू नये म्हणून. बाईला वाचता येत नव्हतं. तिने अण्णांना विचारलं, “मास्तर, आहे ना हो तो?” अण्णा म्हणाले, “आजारी आहे. संध्याकाळच्या एस.टी.ने निघा.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“तार घेतली मीच. मला ठाऊक नसणार?”

“मग?”

“मग काय. रात्रभराचा प्रवास. एकटी बाई. बारा तास तिला मुलगा होता.” अण्णा थांबले. “परत आल्यावर ती पोस्टात आली नाही. मनीऑर्डर बंद झाल्यावर यायचं कारणही नव्हतं म्हणा. बाजारात दिसायची. माझ्याकडे बघायची. बोलली कधी नाही. चांगलं केलं की वाईट, ते अजून कळलेलं नाही मला.”

मला कळलं असं मीही म्हणणार नाही. ताळेबंदाच्या शास्त्रात शिल्लक एक तर असते किंवा नसते. ‘प्रवासापुरती शिल्लक’ असा रकाना नाही. पण त्या बाईच्या शेजारच्या सीटवर मी बसलो असतो तर मीही खरा आकडा सांगितला नसता, असं वाटतं. फक्त एक गोष्ट मला डाचत राहिली. अण्णांनी तिला तार वाचून दाखवली ती तिच्या प्रवासासाठी. सहा महिने मला जे वाचून दाखवलं ते कुणाच्या प्रवासासाठी? माझ्याच असणार. नऊ पंचेचाळीसला मला शाखेत पोचायचं असतं. ‘बरं आहे’ ऐकून मी रोज हलका होऊन स्कूटरला किक मारली आहे, हे मला कबूल करायला हवं. लॅपटॉपसाठी मी तीन रात्री जागलो, तेव्हा तो काय म्हणतो यापेक्षा त्याच्यात किती आहे हे मला जाणून घ्यायचं होतं. अण्णांच्या बाबतीत त्यांनी सांगितलेल्या आकड्यावर माझं भागत होतं. आमच्या ऑडिटरने हे पाहिलं असतं तर शेरा माझ्या नावावर मारला असता, अण्णांच्या नव्हे.

“आणि समुद्र?” मी विचारलं. “होड्या, निळं पाणी, ते सगळं?”

“ते खरंच छान दिसतं तिथून,” अण्णा म्हणाले.

नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले असतात. हा आमच्या काउंटरवरचा सर्वांत गर्दीचा महिना. जिवंत असल्याचा पुरावा द्यायला माणसं काठ्या टेकत, नातवंडांचे हात धरून येतात. फॉर्मवर हयात असल्याचं लिहून द्यायचं असतं. किती हयात, असा रकाना नाही. हयात नाही असं सांगायला आजवर कोणी आलेलं नाही. २०१४ पासून हा दाखला आधारवर आणि अंगठ्यावर निघतो, पण जन्मभर भांडी घासलेल्या, भात लावलेल्या बायांचे ठसेच झिजलेले असतात. यंत्र म्हणतं, जुळत नाही. बाई म्हणते, मी इथे उभी आहे की. २०२१ पासून मोबाइलमध्ये चेहरा दाखवूनही चालतं. त्यात डोळ्यांची उघडझाप करायला लागते. तेवढं केलं की सरकार मानतं.

अण्णांचा दाखला या वर्षी मी घरीच काढला. त्यांना खिडकीपाशी बसवलं, मोबाइल समोर धरला. त्यांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले, उघडले. हिरवी खूण आली.

“काय म्हणतोय?”

“हयात.”

“टक्के?”

“टक्के सांगत नाही हा.”

“चांगला आहे मग,” अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी हळूहळू चालायला परवानगी दिली आहे. गेल्या मंगळवारी आम्ही पुन्हा किल्ल्याकडे निघालो. ठरवलं होतं की वळणापर्यंत जायचं आणि तिथून भगवतीला हात जोडून परत यायचं. मी मोबाइल घरी ठेवला होता. त्यांच्या पावलाने चाललो. वळणावर अण्णा थांबले आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. ऊन कलतं होतं, मिऱ्याच्या बाजूला दोन होड्या होत्या. मी बराच वेळ थांबलो. मग विचारलं, “अण्णा, समुद्र की छाती?”

त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. तळवा छातीवर ठेवला, काढला.

“बराचसा समुद्र,” ते म्हणाले.